कटिंग : पडवीतल्या रेल्वेच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

ठरलं एकदाचं. गणपतीत चाकरमानी गावाला आलेले असताना रत्नागिरीत दोन दिवस मॉडेल रेल्वे मांडायची. आठ जण, आठ तुकडे. ज्याने त्याने आपला तुकडा घरी करायचा, हॉलवर आणून शेजारच्याला जोडायचा. बाकी सगळे पुण्या-मुंबईचे. कोकणातला मी एकटा, त्यामुळे ‘कोकण तू कर’ हे ओघानंच आलं.

नियम मोजके. प्रमाण एच-ओ, म्हणजे १:८७. तुकडा १२० बाय ६० सेंमी. दोन्ही टोकांना रूळ बरोबर मधोमध आणि कडेशी काटकोनात. फ्री-मोवाले (तुकडे जोडून मॉडेल रेल्वे मांडायच्या पद्धतीतले लोक) रूळ जमिनीपासून ५० इंचांवर ठेवतात, म्हणजे १२७ सेंमी. आम्ही १०० धरले, नाहीतर पोरांना नुसते पाय दिसायचे.

कोकण म्हटल्यावर सगळ्यांना रत्नागिरीजवळचा, कोकण रेल्वेचा पानवलचा पूल हवा. हिशेब करून पाठवला : पुलाची उंची ६४ मीटर, लांबी ४२४. सत्त्याऐंशीने भागलं तर उंची साडेत्र्याहत्तर सेंमी आणि लांबी पावणेपाच मीटरच्या वर. म्हणजे चार तुकडे माझे एकट्याचे, आणि दरी थेट हॉलच्या फरशीजवळ. एक जण म्हणाला, छोटा करून टाक. पानवल छोटा केला की तो पानवल राहत नाही, कुठलाही पूल होतो. एका टोकाला काँक्रीट ओतून अख्खा गाळा जॅकने पुढे ढकलत नेलाय तो. त्याचं असं काहीतरी करणं मला जमणार नाही.

९ मार्च

मी कटिंग करणार, म्हणजे रुळासाठी डोंगर कापून काढलेली वाट.

कोकण रेल्वेचं नाव काढलं की लोकांना पूल आणि बोगदे आठवतात. आम्हा वाडीवाल्यांना कटिंग आठवतं. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं, दोनेक वर्षांत मोजणीवाले आमच्या वरच्या अंगाला आले. मी तेव्हा सहावीत. डोंगराच्या अंगावर चुन्याच्या रेघा, मग मशिनं, मग सुरुंग. सुरुंगाआधी शिट्टी व्हायची आणि आई आम्हाला घरात ओढायची. आमची काजूची नऊ झाडं, एक आंबा आणि गुरांची वाट त्यात गेली. २६ जानेवारी १९९८ ला अख्खा मार्ग सुरू झाला तेव्हा मी आयटीआयला होतो.

आईला सांगितलं. तिचं म्हणणं, “रेल्वे आली तेव्हा अर्धी जागा गेली. आता राहिलेल्या पडवीत पण आणलीस?”

१६ मार्च

शिमगा. पालखी घरी येऊन गेली. काम शून्य.

२३ मार्च

सुताराकडून सांगाडा करून घेतला. १२ मिमी मरीन प्लाय, आत दोन आडव्या पट्ट्या, पायांना खाली बोल्ट म्हणजे हॉलची फरशी वरखाली असली तरी जमवता येईल. सुताराने विचारलं, काय पलंग का? सांगितलं तर म्हणाला, मग एवढा काटकोन कशाला बघता. त्याला काटकोनाचंच महत्त्व पटवायला अर्धा तास गेला. टोकाला रूळ एक अंश तिरका झाला की शेजारच्याच्या तुकड्यावर गाडी घसरणार, आणि शिव्या मला.

६ एप्रिल, रामनवमी

रूळ टाकले. इथे एक जुनी सल आहे, ती नोंदवून ठेवतो. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी. सत्त्याऐंशीने भागला की १९.२६ येतो. बाजारात मिळणारा एच-ओचा रूळ १६.५ मिमी, कारण तो परदेशातल्या १४३५ मिमीच्या गेजवरून बेतलेला. म्हणजे आपली गाडी मुळातच पावणेतीन मिलिमीटर अरुंद रुळावर धावते. हाताने १९.२६ चा रूळ करता येतो, पण मग सगळ्या गाड्यांची चाकं बदला आणि शेजारच्याला जोडणं विसरा. सगळ्यांसारखा १६.५ घेतला. काँक्रीट स्लीपरवाला, निकेल सिल्व्हरचा. लोखंडी रूळ खाऱ्या हवेत एका पावसात लाल होतो, हे मागे एकदा शिकून झालंय.

काळ २०१० च्या आसपासचा धरला. विद्युतीकरण पूर्ण झालं २०२२ मध्ये. त्याआधीचा काळ घेतला की खांब, तारा, पोर्टल काहीच करावं लागत नाही आणि डिझेल इंजिन चालतं. कारण सौंदर्याचं नाही, आळसाचं आहे.

वायरिंग दोन तासांत उरकलं. माझं दुकानच मोटार वाइंडिंगचं. अडीच स्क्वेअरच्या वायरची जोडी खालून लांबीभर, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र जोडवायर. सांध्यांच्या क्लिपांवर करंटसाठी विसंबायचं नाही. इथल्या हवेत त्या सहा महिन्यांत काळ्या पडतात.

२७ एप्रिल

डोंगर. थर्माकोल घेतला असता तर एका दिवसात कापून झाला असता, पण २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि गणपतीच्या दिवसांत लोकांसमोर तोच मांडायचा हे बरं दिसत नाही. म्हणून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणली, वर प्लास्टरच्या पट्ट्या.

प्लास्टरच्या पट्ट्या म्हणजे हाडाला बांधतात त्याच. मेडिकलवाल्याने आठ रोल मोजून दिले आणि हळूच विचारलं, “घरात कोणाला काय झालं?” मी म्हटलं, डोंगराला. बिल करून देईपर्यंत तो माझ्याकडे बघत होता.

११ मे

आज सगळा दिवस दगडात गेला.

कटिंगचा उभा काप नीट बघितला तर तो एका रंगाचा नसतो. वर जांभा, लाल-तपकिरी, भोकाभोकांचा. त्याखाली मऊ मातीचा थर, पांढरट, मध्येच जांभळट, गुलाबी. पावसात तो पाणी पितो, फुगतो आणि वरच्या जांभ्याला घेऊन खाली बसतो. दरडी येतात त्यातल्या कितीतरी इथूनच. आणि सगळ्यात खाली काळा कातळ. माझ्या मॉडेलमध्ये हे तीन थर नसतील तर ते कोकणातलं कटिंग नव्हे, कुठलाही लाल डोंगर झाला.

जांभ्याचा खरा तुकडाच चिकटवावा असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण खऱ्या जांभ्याचं भोक बोटाएवढं. १:८७ मध्ये ते माणूस आत शिरेल एवढी गुहा होते. तेव्हा उलटं केलं. प्लास्टर अर्धवट घट्ट झालं, म्हणजे नखाने ओरखडा उठतो पण नख रुतत नाही, की त्यावर तांब्याच्या तारांच्या कुंच्याने टोचत जायचं. कुंचा म्हणजे वाइंडिंगची उरलेली बारीक तार, पन्नासेक टोकं एकत्र बांधलेली. टोचताना मनगट फिरवायचं, नाहीतर भोकं ओळीत येतात आणि जांभा इडलीसारखा दिसतो. ही वेळ जेमतेम सात-आठ मिनिटं मिळते. त्यामुळे वीतभर लावायचं, टोचायचं, परत वीतभर.

रंग मात्र खरा वापरला. खाणीवरून जांभ्याची भुकटी आणली, वस्त्रगाळ केली, पातळ फेविकॉलमध्ये कालवून फासली. ताजा चिरा पिवळट-लाल असतो, हवेवर राहून कडक होतो, आणि दोन पावसांनी वरून काळा पडतो. तर वरच्या कडेला काळपट हात, मधल्या भागात लाल. जिथून पाणी झिरपतं तिथे शेवाळाच्या उभ्या रेघा.

पुतण्या म्हणाला, “काका, मटण रश्शासारखा रंग आलाय.” ही स्तुती होती असं मी धरलं.

२५ मे

आज मोसमी पाऊस कोकणात आला, मे संपायच्या आत. त्याआधीच चार दिवस कोसळतोय. माझं सगळं वेळापत्रक ७ जूनच्या पावसावर बांधलेलं होतं. तोवर प्लास्टर खडखडीत वाळणार होतं. आता पडवीत हात लावला तर डोंगर दमट आहे. मागच्या बाजूला बुरशीचे पांढरे ठिपके.

१ जून

त्याहून वाईट. उजव्या टोकाची पट्टी पिळलीय. पीळ मोजून पाहिला, दोन मिलिमीटर. प्लायच्या वरच्या अंगाने प्लास्टरचं पाणी प्यायलं, खालचं अंग कोरडं, त्यामुळे ती वाळक्या पापडासारखी वळली. चूक माझीच : खालून रंग मारला नव्हता. दिसत नाही म्हणून सोडला. लाकडाला दिसणं-न दिसणं कळत नाही, दोन्ही बाजूंनी सारखं पाणी गेलं पाहिजे किंवा दोन्हीकडून बंद पाहिजे.

मग दुकानातली युक्ती. पावसाळ्यात वाइंडिंग केलेली मोटार वार्निश लावून आम्ही बल्बच्या पेटीत ठेवतो. त्याच पेटीतले शंभर वॅटचे दोन जुने बल्ब काढले (हे आता शोधून मिळत नाहीत, त्यांना दागिन्यासारखं जपतो), तुकड्याखाली टांगले, वरून ताडपत्री. टोकाला लोखंडी कोन बोल्टने आवळून पिळाच्या उलट ताण दिला. पाच दिवस तसंच.

७ जून

पाव मिलिमीटरवर आलं. खालून ऑइल पेंटचे दोन हात दिले. आईचं मत : माणसाला सर्दी झाली तर एवढं शेकत नाहीस.

१५ जून

खडी. आणि माझा मूर्खपणा.

रुळाखालची खडी खरी पन्नास-साठ मिलिमीटरची, म्हणजे इथे अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची लागते. मांडवीची काळी वाळू डोळ्यांसमोर होती. दिसायला अगदी काळ्या दगडाची खडी. आणली, चाळली, रुळात पसरली, साबणाचं पाणी फवारून पातळ फेविकॉल सोडला. झकास दिसली. संध्याकाळी इंजिन फिरवलं. तिसऱ्या फेरीला कुरकुर, चौथ्याला बंद.

उघडून पाहिलं तर मोटारीभोवती काळी दाढी. रत्नागिरीच्या किनाऱ्याच्या वाळूत इल्मेनाइट आहे, त्याबरोबर लोखंडी दाणे आहेत, हे इथल्या शाळकरी पोराला माहीत असतं. चुंबक फिरवून आम्हीच लहानपणी ते गोळा करायचो. न चिकटलेला प्रत्येक दाणा मोटारीच्या चुंबकाने वर ओढून घेतला आणि तिथून तो गिअरमध्ये गेला. जन्म मोटारी दुरुस्त करण्यात गेला आणि हे मला सुचू नये! शिवाय वाळूत मीठ. धुतली होती, पण पुरेशी नाही. रूळ सकाळी ओलसर लागायचे.

सगळी खडी पाण्याने भिजवून खरवडून काढली. दोन रविवार गेले.

२९ जून

क्रशरवरची बारीक काळी पूड आणली. चहाच्या दोन गाळण्यांमधून चाळली, एकीतून पडेल आणि दुसरीत अडकेल तेवढीच घेतली. तीन वेळा धुतली. मग जुन्या स्पीकरचं चुंबक पिशवीत घालून त्यात फिरवलं. काळ्या कातळातही लोखंडी दाणे असतातच, चमचाभर निघाले. उरलेली खडी निर्धोक. इंजिन तासभर फिरवलं, कुरकुर नाही.

६ जुलै, आषाढी

कटिंगवर जाळी लावली. दगड सुटून रुळावर येऊ नयेत म्हणून कोकण रेल्वेने कटिंगवर लोखंडी जाळ्या घातल्या आहेत, पायथ्याला तारेच्या पेट्यांत दगड भरून भिंती रचल्या आहेत, उतारावर वाळा लावलाय. खऱ्या जाळीची भोकं साधारण दहा सेंटिमीटर धरली तर इथे सव्वा मिलिमीटरच्या आत हवीत. घरातली मच्छरदाणी मोजली : तेवढीच! फाटक्या मच्छरदाणीचा कोपरा राखाडी रंगवून कड्यावर ताणला. या सगळ्या कामात फुकट मिळालेली ही एकच गोष्ट.

बोगद्याचं तोंड डाव्या टोकाला. आत वरचं झाकण सुटं ठेवलंय, गाडी आत घसरली तर हात घालता आला पाहिजे.

२० जुलै

खालचं शेत. वाडीत लावणी चालू आहे, त्यामुळे नमुना दारात. सुतळी हिरवी रंगवून सात-आठ मिलिमीटरचे चूड कापले, दोन-अडीच मिलिमीटरवर एकेक टोचला. तळहाताएवढ्या दोन कुणग्यांना (भातशेताच्या तुकड्यांना) नऊ तास. खऱ्या शेतातल्या बायांनी तेवढ्यात अर्धा एकर उरकलं असेल.

पाण्यासाठी रेझिन ओतलं आणि त्यावर दमट हवेमुळे तेलकट पांढरी साय धरली. खरवडून काढलं, चकाकणारं वार्निश पातळ-पातळ सात वेळा दिलं. गढूळ दिसण्यासाठी पहिल्या दोन हातांत जांभ्याची भुकटी.

लावणीच्या चार बाया, प्रत्येकी जेमतेम सेंटिमीटरभर, कारण वाकलेल्या आहेत. त्यांना इरली करावीत असा माझा बेत. पुतण्या म्हणतो, इरलं आता कोण घेतं, सगळ्या निळं प्लास्टिक घेतात. बरोबर आहे. तिघींना निळं प्लास्टिक दिलं, एकीला सुकलेल्या पानाचं इरलं. ती चौथी म्हातारी आहे असं समजायचं.

३ ऑगस्ट

रो-रो गाडी आली, मुंबईच्या मित्राने पाठवलेली. सपाट वॅगनींवर सहा ट्रक. कोकण रेल्वेने ट्रक गाडीवर चढवून न्यायला १९९९ मध्ये सुरुवात केली. बोगद्यात नेली आणि तिसऱ्या ट्रकचं डोकं कमानीला घासलं. जांभा रंगवलेला एक टवका उडाला. खऱ्या रो-रोलाही ठरावीक उंचीपेक्षा उंच ट्रक घेत नाहीत, तर आमचा नियम वेगळा कशाला. पत्र्याची एक कमान कापून मित्राला पाठवली : यातून जाईल तेवढाच ट्रक चढव.

१० ऑगस्ट

गस्तवाला. हा सगळ्या तुकड्यात मला हवा असलेला एकमेव माणूस. पावसाळ्यात रात्री रुळावरून चालत जाणारा, अंगावर रेनकोट, हातात दिवा. उंची वीस मिलिमीटर. हातात एक एलईडी, साबुदाण्याच्या दाण्याहून लहान. त्याला ०.१ मिमीची एनॅमल तार लावायची म्हणजे भिंगाखाली श्वास धरून काम. तार बाहीतून पाठीत, पाठीतून पायात, पायातून फळीखाली. आधी दिवा फार प्रखर आला, गस्तवाला वेल्डिंग करतोय असं वाटलं. दहा किलो-ओहमचा रेझिस्टर टाकल्यावर कंदिलावर आला.

त्याच्या वर, कड्याच्या टोकाला, आंबा. तोही वाइंडिंगच्या तारेचा : तीस तारा पिळून खोड, वर जाताना सुट्या करत फांद्या. पानं म्हणजे जुन्या मिक्सरमध्ये दळलेला हिरवा स्पंज. उंची नऊ सेंमी. छान डेरेदार झाला.

२४ ऑगस्ट

वेग ठरवला. मुसळधार पावसात दिसेनासं झालं की कोकण रेल्वेच्या चालकाने ताशी ४० च्या वर जायचं नाही असा दंडक आहे. १:८७ मध्ये ते सेकंदाला पावणेतेरा सेंमी होतं. म्हणजे माझे १२० सेंमी पार करायला साडेनऊ सेकंद. घड्याळ लावून कंट्रोलरवर खूण केली. घरातल्या सगळ्यांना गाडी बंद पडतेय असं वाटलं.

३० ऑगस्ट, शनिवार

छोट्या हत्तीतून नेलं, दोन ताडपत्र्या, खाली गादी. पाऊस होताच. वाटेत एक बाई उलटी पडली, बाकी सुखरूप. जोडणीला तीन तास. माझं उजवं टोक शेजारच्या पुण्याच्या तुकड्याला पहिल्या झटक्यात बसलं, तेव्हा जूनमधले ते पाच दिवस वसूल झाले.

गर्दी चांगली. पोरं गाडीच्या मागे धावतात, आठ तुकडे पार, परत. माझ्याकडे आली की वैतागतात : “ही इथे हळू का होते?” सांगितलं, पाऊस आहे. एकाने वर छताकडे बघितलं. तासाभराने कंट्रोलरवरच्या मुंबईच्या पोराने माझी खूण सोडून दिली आणि गाडी दुपटीने सोडली. दोनदा बोललो, मग गप्प बसलो.

दुपारी एक निवृत्त ट्रॅकमन आले. रुळाकडे वाकून बघत म्हणाले, “रूळ जवळ जवळ वाटतात हो.” पावणेतीन मिलिमीटर! मी त्यांना हात जोडले. मग गस्तवाल्याकडे बराच वेळ बघत राहिले. “याचे पटाखे कुठायत?” पुढे धोका दिसला की रुळावर बांधायचे ते, गाडीचं चाक गेलं की आवाज होतो. डबा कमरेला असायचाच म्हणे. संध्याकाळी काडीपेटीच्या काडीचं टोक कापून, लाल रंगवून, त्याच्या कमरेला चिकटवलं.

३१ ऑगस्ट

आज गौरी यायच्या, तरी आई सकाळी आली, पुतण्याच्या गाडीवरून. स्टुलावर बसून बघत होती. गाडीकडे नाही. बोगदा, कटिंग, शेत असं करत नजर कड्यावर गेली.

“हा आंबा कुठला?”

“आपला. गेला तो.”

“छट्. हे तर हापूसचं कलम केलंस, खालपासून पसरलेलं. आपला रायवळ होता. माणसाच्या डोक्याच्या वर कितीतरी जाईस्तोवर फांदी नव्हती त्याला. तुझे बाबा शिडी लावून चढायचे.”

तोवर गाडी येऊन गेली.

७ सप्टेंबर

दुरुस्तीची यादी : कमानीचा टवका, उजव्या टोकाची एक जोडवायर सुटलीय, उलटी पडलेली बाई परत लावणे, जाळीचा एक कोपरा.

आंबा उपटला. नवीन पिळायला घेतलाय. साठ तारा, उंची वीस सेंमी, पहिल्या बारा सेंटिमीटरपर्यंत फांदी नाही. एवढा उंच झाला तर ताडपत्रीत मावणार नाही, म्हणून खोडाखाली सॉकेट करतोय, नेताना वेगळा काढता येईल.